चातुर्मासाचा नेम : एका माळेपासून बाराव्या अध्यायापर्यंत

आषाढी एकादशीला घरोघर संकल्प होतात. उद्यापासून पहाटे साडेचारला उठायचं, अकरा माळा ओढायच्या, पूर्ण हरिपाठ म्हणायचा आणि ज्ञानेश्वरीचा एक अध्याय वाचायचा. श्रावण लागेपर्यंत यातलं निम्मं गळतं, उरलेलं गौरी-गणपतीच्या धावपळीत जातं. पितृपक्षात माणूस मनाशी ठरवून टाकतो की आपला हा पिंडच नाही. साधनेत खोट नव्हती आणि त्या माणसातही नव्हती. पहिल्या दिवशी मांडलेला हिशेब चुकला होता.

शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये नेवाशाला सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीत या हिशेबाची रीत स्पष्ट आहे. बाराव्या अध्यायात, एकशे पाचाव्या ओवीच्या आसपास, भगवंत अर्जुनाला म्हणतात की मन आणि बुद्धी सगळीच्या सगळी माझ्या हाती देणं तुला जमत नसेल, तर असं कर : आठ प्रहरांतून ‘मोटकें निमिषभरी’ मला देत जा. मोटकें म्हणजे थोडंसं, मोजकं. पुढे दाखला चंद्राचा आहे. पुनवेचा चंद्र जसा दिवसेंदिवस कमी होत अवसेला नाहीसा होतो, तसं भोगांतून निघणारं चित्त माझ्यात शिरता शिरता मीच होऊन जातं. कसं, तर ‘हळूहळू’. हा शब्द मूळ ओवीतला आहे.

या दाखल्यात कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक, सुरुवात निमिषाची करायची, प्रहराची नाही. दुसरी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. द्वितीयेच्या आणि तृतीयेच्या चंद्रातला फरक नुसत्या डोळ्यांना धड कळत नाही, पंधरवड्यात मात्र कुणालाही कळतो. म्हणून स्वतःची तपासणी रोज करायची नाही, एकादशी ते एकादशी करायची. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत दोन्ही टोकं धरून नऊ एकादश्या येतात (चातुर्मासात अधिक मास आला तर अकरा). पहिली संकल्पाची. पुढच्या तपासणीच्या. खालची सगळी आखणी या हिशेबावर उभी आहे. आषाढी हुकली असेल तर कोणत्याही एकादशीला सुरू करा आणि महिने त्याप्रमाणे मोजा.

बसण्याआधीची तयारी

वेळ घड्याळाला बांधू नका, रोजच्या एखाद्या कामाला बांधा. ‘सकाळी सहा’ असं ठरवलं की सव्वासहा झाले म्हणजे आजचा दिवस गेला असं वाटतं. ‘आंघोळ झाली की, चहाच्या आधी’ किंवा ‘संध्याकाळी दिवा लावला की’ असं ठरवलं तर वेळ पुढेमागे झाली तरी नेम टिकतो. वर्षभर जे काम हमखास होतं तेच निवडा. रात्री झोपण्याआधीची वेळ बहुतेकांना सोयीची वाटते आणि बहुतेकांची तिथेच फसगत होते, कारण दमलेलं शरीर बसल्याबरोबर पेंगतं. संध्याकाळ आणि सकाळ यांत निवड असेल तर आम्ही सकाळ सुचवू, पण सकाळी डबे भरायचे असतील तर संध्याकाळच बरी. घरातलं काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकून केलेला जप घरात कटकट वाढवतो आणि महिन्याभरात बंद पडतो.

जागा एकच ठेवा. देवघरासमोरच पाहिजे असं नाही. घोंगडीची घडी किंवा लोकरी आसन पुरे. गुडघे दुखत असतील तर खुशाल खुर्चीत बसा, मात्र पाठ टेकू नका. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. तो उलटा करून जवळ ठेवल्याने काम होत नाही, हात तिकडे जातोच.

तुळशीची जपमाळ १०८ मण्यांची आणि एक मेरुमणी अशी घ्या. गळ्यात घालायची माळ वेगळी. वारकरी संप्रदायात ती एखाद्या फडाच्या (वारकऱ्यांच्या परंपरागत गटाच्या) किंवा परंपरेच्या महाराजांकडून घालून घेतात आणि तिच्यासोबत एकादशी, पंढरीची वारी, मद्यमांस वर्ज्य असे नेम येतात. पहिल्याच चातुर्मासात ती घालण्याची घाई करू नका. जपमाळेला अशी कोणतीही अट नाही.

माळ धरताना उजव्या हाताच्या मधल्या बोटावर लोंबती ठेवा. अंगठ्याने एकेक मणी स्वतःकडे ओढा. तर्जनी बाजूला, माळेला न लावता. माळ जमिनीला लागत असेल तर खाली डावा हात धरा किंवा गोमुखी, म्हणजे हात आणि माळ झाकणारी कापडी पिशवी, वापरा. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवून परत निघायचं. याचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे : मन कुठेही गेलेलं असो, बोटांना मोठा मणी लागला की थांबावं लागतं.

पहिला महिना : एक माळ, एक अभंग

आषाढ शुद्ध एकादशी ते श्रावण शुद्ध एकादशी एवढंच करायचं : ‘राम कृष्ण हरि’ची एक माळ आणि हरिपाठाचा पहिला अभंग वाचून. बस्स. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं.

हे फार थोडं वाटेल, आणि वाटायलाच हवं. उठताना ‘अजून थोडं केलं असतं’ असं वाटणं ही पहिल्या महिन्याची योग्य अवस्था आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी उत्साह येऊन तीन माळा कराव्याशा वाटतील. करू नका. वाढलेलं प्रमाण मनाच्या खात्यावर नेम म्हणून नोंदलं जातं आणि ज्या दिवशी एकच माळ होते त्या दिवशी कमी पडल्यासारखं वाटू लागतं.

गतीचा हिशेब असा. ‘राम कृष्ण हरि’ ही सहा अक्षरं स्पष्ट म्हणायला साधारण दोन सेकंद लागतात. १०८ वेळा म्हणजे साडेतीन ते चार मिनिटं. माळ दोन मिनिटांच्या आत संपत असेल तर अक्षरं गिळली जात आहेत. ‘कृष्ण’चं ‘किष्ण’ होतं, मग ‘हरि’तला ‘ह’ जातो आणि शेवटी ओठांवर नुसती पुटपुट उरते. अशा वेळी संख्या सोडा आणि दहा मणी अगदी सावकाश, प्रत्येक अक्षर कानावर पडेल असे ओढा. गती आपोआप जागेवर येते.

जप तीन तऱ्हांनी होतो : वाचिक म्हणजे ऐकू येईल असा, उपांशु म्हणजे ओठ हलतील पण शेजारच्याला ऐकू जाणार नाही असा, आणि मानस. ग्रंथांत मानस जपाला वरचं स्थान आहे म्हणून नवखे लोक थेट तिथे उडी मारतात आणि पाच मिनिटांत एकतर झोप लागते, नाहीतर मनात बाजारहाटाची यादी सुरू होते. पहिले दोन महिने वाचिक किंवा उपांशुच करा. कानाला काम मिळालं की मनाला आधार मिळतो.

मन पळतं तेव्हा काय करायचं

मन पळणारच. गीतेच्या सहाव्या अध्यायात ते जिथे जिथे पळेल तिथून तिथून परत आणायला सांगितलं आहे, म्हणजे पळणं गृहीतच धरलेलं आहे. एका माळेत वीस वेळा गेलं आणि वीस वेळा परत आणलं, तर वीस वेळा अभ्यास झाला. जप करताना विचार आले म्हणून माळ वाया गेली असं समजणाऱ्यांना हे मुद्दाम सांगावं लागतं.

परत आणण्याची पद्धत सोपी ठेवा. लक्षात आलं की जो मणी हातात आहे तिथूनच नाम पुढे घ्या. माळ पहिल्यापासून सुरू करू नका. ‘शुद्ध माळ झाली पाहिजे’ म्हणून पुन्हापुन्हा सुरुवात करणाऱ्यांची माळ कधीच पूर्ण होत नाही आणि जपाची धास्ती बसते. गेलं कुठे होतं याचा शोधही घेऊ नका, कारण त्या शोधात ते दुसऱ्यांदा जातं. एखादं काम खरंच आठवलं, बिल भरायचं राहिलं किंवा औषध आणायचं आहे, तर शेजारी कागद ठेवून एका शब्दात लिहा आणि पुढे चला.

झोप येत असेल तर डोळे उघडे ठेवून विठ्ठलाच्या मूर्तीकडे किंवा तसबिरीकडे बघत जप करा. तरीही डुलकी लागत असेल तर उभे राहा. वारकऱ्यांचा हरिपाठ उभ्यानेच, टाळ घेऊन होतो. उभं राहण्यात काही उणेपणा नाही.

दुसरा महिना : पाठांतर

श्रावण शुद्ध एकादशीपासून हरिपाठाचे रोज तीन अभंग वाचा. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे अभंग २७ आहेत (काही पोथ्यांत फलश्रुतीचा धरून २८ छापतात). तीन-तीन केले की नऊ दिवसांत एक आवर्तन होतं. माळ एकच ठेवा. आधीच्या दोन्ही पंधरवड्यांत बारापेक्षा जास्त दिवस नेम झाला असेल तरच दुसरी माळ धरा.

यासोबत आठवड्याला एक अभंग पाठ करायचा. कार्तिकीपर्यंत बारा-तेरा होतात, उरलेले त्याच गतीने माघ-फाल्गुनापर्यंत संपतात. घाईने पाठ केलेल्या अभंगात चुकीचा शब्द बसला की तो वर्षानुवर्षं निघत नाही, म्हणून आठवडा पूर्ण द्यायचा. पहिले तीन दिवस अर्थासह मोठ्याने वाचन. चौथ्या-पाचव्या दिवशी प्रत्येक चरणाचा पहिला अर्धा भाग बघायचा आणि उरलेला न बघता म्हणायचा. सहाव्या दिवशी पुस्तक मिटून. सातव्या दिवशी आधीचे सगळे अभंग क्रमाने.

उदाहरण म्हणून चौथा अभंग घेऊ, कारण या लेखाचा विषयच त्यात आहे. दुसरा चरण असा : ‘कैसेनि दैवत प्रसन्न त्वरित । उगा राहें निवांत शिणसी वायां’. देव झटपट कसा प्रसन्न होईल म्हणून जो धडपडतो त्याला ज्ञानदेव सांगतात की तू उगीच दमतो आहेस. इथे ‘उगा’ या शब्दावर बहुतेक जण घसरतात. आज आपण ‘उगाच’ म्हणजे विनाकारण असं म्हणतो, आणि तोच अर्थ इथे लावला की चरणाचं कडबोळं होतं. ‘उगा राहें’ म्हणजे गप्प राहा, शांत राहा. दमण्याचा भाग ‘शिणसी वायां’मध्ये आहे. पुढे ‘सायासें’ म्हणजे कष्टाने, खटपटीने. संसार रात्रंदिवस एवढ्या खटपटीने करतोस आणि हरीला भजत नाहीस ते का, असा प्रश्न. शेवटच्या चरणात ‘तुटेल धरणें प्रपंचाचें’ येतं. इथलं ‘धरणें’ पाण्याचं धरण नव्हे. प्रपंचाने माणसाला धरून ठेवलं आहे ती पकड.

एका अभंगातले असे चार-पाच शब्द सुटले की पाठांतराला वेगळी मेहनत लागत नाही. सार्थ हरिपाठाची एखादी छोटी प्रत घ्या आणि अडलेले शब्द समासात पेन्सिलीने लिहून ठेवा. चाल नंतर बसवा. आधी चाल शिकली तर सुराच्या ओघात शब्द हरवतात.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस गणपती येतात. घर पाहुण्यांनी भरतं, बसायला जागा राहत नाही. त्या दिवसांत एक माळ आणि जे पाठ झालं आहे ते, एवढंच. पोळ्या लाटताना, पत्री निवडताना अभंग म्हटला तर तो नेमात धरायचा. दळणकांडणासोबत नाम ही जनाबाईंच्या अभंगांतली वाट आहे. ज्या बायकांना स्वतःची म्हणून वीस मिनिटं मिळत नाहीत त्यांनी ती कमी प्रतीची समजू नये.

तिसरा महिना : काहीच वाढवायचं नाही

भाद्रपद शुद्ध एकादशी ते आश्विन शुद्ध एकादशी. हा महिना सगळ्यांत अवघड जातो. नवेपण गेलेलं असतं, आणि ज्यासाठी बसलो होतो ते काही दिसत नाही. माळ ओढताना लाकडाचे मणी ओढल्यासारखं वाटतं, शब्द कोरडे पडतात. याच सुमारास लोक साधन बदलतात : दुसरं स्तोत्र, दुसरा मंत्र, मोबाइलवरचं एखादं नवं ध्यान. दर दोन महिन्यांनी नवी विहीर खणली तर पाणी कुठेच लागत नाही.

कोरडेपणाची कारणं बहुधा साधी असतात. आधी ती तपासा. झोप कमी होते आहे का? प्रमाण न कळत वाढलं आहे का? अर्थ न बघता नुसतं उरकणं चाललं आहे का? घरात एखाद्याशी अबोला आहे का? शेवटचं कारण फार वेळा सापडतं आणि फार कमी वेळा कबूल होतं. मनात धुसफुस ठेवून बसलं की नाम जिभेवर राहतं आणि भांडण मनात चालू राहतं. त्या माणसाशी आधी दोन शब्द बोला, मग बसा.

यातलं काहीच नसेल तर कोरडेपणा तसाच सोसायचा आणि नेम चालू ठेवायचा. या महिन्यात माळा, अभंग, वेळ काहीही वाढवायचं नाही. फक्त एक बदल करा : तीन अभंगांपैकी एकाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत वहीत दोन ओळींत लिहा. हाताला काम लागतं आणि डोकं जागं राहतं.

एक सावधगिरी हवी. कोरडेपणा आणि नैराश्य या वेगळ्या गोष्टी आहेत. नामात गोडी नाही पण बाकी जेवण, झोप, कामधंदा ठीक आहे, तर तो साधनेतला टप्पा आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली आहे, भूक गेली आहे, कशातच रस उरलेला नाही, जगणं नकोसं वाटतं आहे, तर डॉक्टरांकडे जायचं. अशा वेळी ‘जप वाढव’ हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. उपचार आणि नाम दोन्ही सोबत चालतात.

एकादशीचा उपवास

उपवासही पायरीपायरीनेच. पहिल्या दोन एकादश्यांना फक्त धान्य सोडा आणि फराळाचं दोन वेळा खा. पुढच्या तीन एकादश्यांना एक वेळ फराळ, एक वेळ फळं आणि दूध. निर्जळीच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊच नका. सर्वांत जास्त घोटाळा साबुदाण्यात होतो. भरपूर तूप आणि दाण्याच्या कुटाची खिचडी, वर बटाट्याचा कीस, संध्याकाळी पुन्हा तेच, आणि रात्री अॅसिडिटी. पोट जड झाल्यावर संध्याकाळचा हरिपाठ पेंगत होतो. वरी, राजगिरा, रताळं, ताक हे हलकं पडतं. भगरीचं पीठ जुनं वापरू नका. दमट हवेत त्याला बुरशी धरते आणि विषबाधा होते, म्हणून लागेल तेवढी भगर स्वच्छ करून त्या दिवशीच दळा. मधुमेह असेल, गरोदरपण असेल, रोजची औषधं असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नको. त्या दिवशी एक माळ जास्त करा, एकादशी झाली.

परदेशात राहणाऱ्यांनी तिथल्या सूर्योदयावर काढलेलं पंचांग बघावं. तिथी कधी कधी एक दिवस पुढेमागे होते.

चौथा महिना : बारावा अध्याय

दसऱ्यानंतरच्या एकादशीपासून ज्ञानेश्वरी हाती घ्या, पण पहिल्या अध्यायापासून नको. संपूर्ण ग्रंथ सुमारे नऊ हजार ओव्यांचा आहे. पहिल्यापासून धरणारे बरेच जण तेराव्यात अडकतात, कारण तो एकटाच हजारावर ओव्यांचा आहे, आणि त्यातून सुटले तर पुढे अठरावा त्याहून मोठा उभा असतो. बारावा २४७ ओव्यांचा आहे. रोज दहा ओव्या, अर्थासह, म्हणजे पंचवीस दिवस. मधल्या दिवाळीसाठी चार-पाच दिवस हाताशी उरतात. दहा ओव्यांना पंधरा मिनिटं लागतात. ओवी आधी एकदा मोठ्याने वाचा, मग अर्थ, मग पुन्हा ओवी. दुसऱ्या वाचनात ती उलगडते.

सुरुवातीला गुरुकृपेच्या दृष्टीची स्तुती आहे. तिच्यात अडून बसू नका, तिचा नाद ऐका आणि पुढे चला. त्यानंतर योगमार्गाचं खडतर वर्णन येतं, तेही पहिल्या वाचनात पुरतं कळायलाच हवं असं नाही. शंभरीच्या आसपास मात्र गती कमी करा आणि हवं तर दिवसाला पाचच ओव्या घ्या. इथे निमिषाची ती ओवी आहे आणि तिच्यापुढे उतरत्या पायऱ्या आहेत. मन पूर्ण देता येत नसेल तर अभ्यास कर. अभ्यास जमत नसेल तर कर्मं माझ्यासाठी कर. तेही नसेल तर कर्म करून फळ सोड. प्रत्येक ‘जमत नसेल’ला पुढची पायरी तयार आहे. अर्जुनाला कुठेच दटावलेलं नाही.

ही शिडी आपल्या दिवसाला लावून बघा. बसून जप होतो तो अभ्यास. ज्या दिवशी बसणं झालंच नाही त्या दिवशी आईचे पाय चेपताना, गाडी चालवताना, फाइल निपटताना ‘हे तुझं’ म्हणून केलेलं काम ही पुढची पायरी. आणि केलेल्याचं श्रेय कुणी घेतलं तरी रात्री त्यावर कुढत बसलो नाही, तर ती त्याच्याही पुढची. म्हणजे ‘आज नेम झाला नाही’ असा पूर्ण कोरा दिवस फारसा उरतच नाही.

उत्तरार्धात भक्ताची लक्षणं आहेत : कुणाचा द्वेष नाही, मान-अपमान सारखे, थंडी-ऊन सारखं. इथे वाचक स्वतःला गुण देत बसतो आणि खचतो. ती लक्षणं म्हणजे झाडाला लागलेलं फळ. रोप लावल्यावर चार महिन्यांत फांद्या वाकवून फळ शोधायचं नसतं.

नेम मोडला तर

मोडणारच आहे. प्रवास, आजारपण, परीक्षा, मयत. तीन नियम आधीच ठरवून ठेवा.

बुडालेली माळ दुसऱ्या दिवशी फेडायची नाही. थकबाकी धरली की दुसऱ्या दिवशीचं ओझं दुप्पट होतं आणि तिसऱ्या दिवशी आसनाकडे बघवत नाही. लागोपाठ दोन दिवस चुकले तर पुढचा आठवडा प्रमाण निम्मं करा. आणि अगदी वाईट दिवसासाठी एक सगळ्यांत छोटा नेम ठेवा : अकरा वेळा नाम. लोकलमध्ये उभ्याने, दवाखान्याच्या बाकावर, मनातल्या मनात. सुतक आहे, पाळी आहे, आंघोळ झालेली नाही, तर नाम घ्यावं का असं बरेच जण विचारतात. नाम उच्चारायला काळ-वेळ नाही, हे हरिपाठातच सांगितलेलं आहे. देवघराला हात लावण्याबद्दल घरची रीत काय असेल ती असो, जीभ मोकळी आहे.

एकादशीची तपासणी आणि वही

शंभर पानी वही पुरे. रोज फक्त एक खूण : झालं की टिंब, नाही झालं की रिकामं. अनुभव लिहू नका. डोळ्यांसमोर प्रकाश दिसला, अंगावर काटा आला, डोळे भरले हे लिहायला लागलं की उद्या तेच पाहिजे असतं, आणि नाही आलं की मन हिरमुसतं. कीर्तनात रडू आलं तर येऊ द्या, पण त्यावरून माप काढू नका.

एकादशीला तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. पंधरा दिवसांत टिंबं किती? बारा किंवा जास्त असतील तर ठीक, आठच्या खाली असतील तर प्रमाण कमी करा, स्वतःला बोल लावू नका. दुसरा : या पंधरवड्यात राग आल्यावर किती वेळ धुमसत राहिलो? राग आला का हा प्रश्न नाही, तो येणार. सकाळचं भांडण पूर्वी रात्रीपर्यंत पुरायचं आणि आता दुपारच्या जेवणाआधी विरतं, तर चंद्राची एक कोर कमी झाली. तिसरा : एखादी गोष्ट न सोडता सुटली का? निमिषाच्या ओवीपुढेच ‘अरोचक’ असा शब्द आहे. विषयांची रुची कमी होत जाते. दाबून टाकलेली इच्छा दुसरीकडून उसळते. रुची कमी झालेली इच्छा आवाज न करता निघून जाते. फोन चाळणं अर्ध्या तासाने कमी झालं आणि ते तुम्हाला पंधरा दिवसांनी कळलं, तर ते या सदरात लिहा.

घरच्यांना महिन्यातून एकदा विचारा. ‘माझ्यात काही फरक?’ असं नाही, ‘माझ्या नेमाचा तुम्हाला त्रास होतो का?’ असं. घरातली माणसं त्याच्या उत्तरात बाकीचंही सांगून जातात. साधना सुरू केल्यावर दुसऱ्यांना उपदेश करण्याची खाज वाढते, आणि जेवणाच्या ताटावरून मुलांना नामाचं महत्त्व ऐकवलं जातं. ती वाढली आहे असं कळलं तर पंधरा दिवस नेमाबद्दल कुणाशीही एक अक्षर बोलायचं नाही.

संगत

एकट्याने चालू ठेवणं कठीण आहे. गावात किंवा वॉर्डात विठ्ठलमंदिर असेल तर तिथे संध्याकाळी हरिपाठ होतो का ते बघा आणि आठवड्यातून एकदा मागच्या रांगेत उभे राहा. टाळ मागू नका, पहिले काही आठवडे फक्त ऐका आणि ‘हरि मुखें म्हणा’ या ध्रुपदाला साथ द्या. पाठ केलेले शब्द तिथे दुरुस्त होतात. शेवटी सगळे एकमेकांच्या पाया पडतात, लहानमोठं न बघता. पहिल्या वेळी अवघडल्यासारखं होतं. आपल्याहून वीस वर्षांनी लहान मुलगा पाया पडतो आणि आपल्यालाही त्याच्या पायांपर्यंत वाकायचं असतं. हे दर आठवड्याला केलं की वहीतल्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात फरक पडू लागतो.

जवळपास अखंड हरिनाम सप्ताह असेल तर एक दिवस पहाटेच्या काकड्यापासून (काकडआरतीपासून) रात्रीच्या कीर्तनापर्यंत तिथे राहा. सात दिवसांचं पारायण मात्र पहिल्या वर्षी नको. त्यात दिवसाला सुमारे तेराशे ओव्या येतात, अर्थाकडे बघायला सवड राहत नाही.

कार्तिकीनंतर

कार्तिक शुद्ध एकादशीला संकल्प पूर्ण होतो. त्या दिवशी वही पहिल्या पानापासून चाळा. रिकाम्या जागा मोजू नका. आषाढातली धुमसण्याची वेळ आणि आश्विनातली वेळ शेजारीशेजारी ठेवून बघा. पुढच्या आठ महिन्यांसाठी चार महिन्यांत सर्वांत सहज झालेला भाग तेवढा ठेवा. बहुतेकांचा तो एक माळ आणि तीन अभंग असा निघतो. ज्यांना पुढच्या ज्येष्ठात आळंदीच्या पालखीसोबत पुणे ते सासवड एवढा एक टप्पा चालायचा आहे, त्यांनी माघापासून आठवड्यातून दोनदा पाच किलोमीटर चालायला सुरुवात करावी. दिवे घाटाचा तो टप्पा सुमारे ३० किलोमीटरचा आहे, चालताना नाम घेण्याची सवयही आधीच लागलेली बरी.

खरी परीक्षा द्वादशीच्या सकाळी असते. संकल्प संपलेला, पारण्याचा स्वयंपाक सुरू, बसायचं कारण उरलेलं नाही. आंघोळ झाली की, चहाच्या आधी, आसन पसरा आणि एक माळ ओढा.